पालखीची वाट, फुटलेला कालवा आणि पंचनाम्याचा कागद

बारामतीच्या एस. टी. स्टँडवरून इंदापूरची गाडी सुटली की पिंपळी, लिमटेक, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे एकामागून एक येतात. हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, ते पाहायला लांबून माणसे येतात. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच साखर कारखान्याचे धुराडे, आणि कधी दिसणारा तर कधी उसात दडणारा नीरा डावा कालवा. नवख्या माणसाला वाटावे, इथे पाण्याला काय तोटा!

पण हा मुलूख मूळचा कोरडा. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. जिरायती गावांत उन्हाळ्यात अजूनही टँकरची वाट पाहावी लागते. अशा भागात पुराने घर पडले असे कुणी सांगितले तर दहा वर्षांपूर्वी माणसे हसली असती. आता हसत नाहीत.

25 मे 2025 रोजी रविवार होता. मृगाला अजून अवकाश होता, पण मोसमी पाऊस त्याच दिवशी महाराष्ट्रात शिरला. बारामतीत एका दिवसात 80 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. सरकारी भाषेत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाणी शेतांत गेले, घरांत गेले, पालखीच्या रस्त्यावर आले. बारामतीत 25 घरांची अंशतः पडझड झाली, 70 ते 80 कुटुंबांना सुरक्षित जागी हलवले, असे शासनाने जाहीर केले. बारामतीला आणि इंदापूरला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एकेक तुकडी आली.

पुढे जूनमधल्या एका सुटीच्या दिवशी मी याच गाडीने निघालो. पिशवीत कोरे कागद, कार्बन पेपर, शाईचा पॅड आणि दोन पेन. आयुष्य कारकुनीत गेले, तेव्हा माझ्या हातून होण्यासारखी मदत तीच.

घर कुणाचे?

मधल्या एका गावी उतरलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण हीच गोष्ट दहा गावांची आहे. वस्ती नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे गाव जिथे संपते आणि ओढा जिथे सुरू होतो तिथे. आपल्या बापजाद्यांना गावाने जी जागा दिली ती उताराची. पाणी आले की आधी तिथेच येणार, हे सांगायला वेधशाळा लागत नाही.

एका घराची मागची भिंत बसली होती. विटा मातीत बांधलेल्या, वर पत्रा. गोधड्या तारेवर वाळत होत्या. धान्याच्या कोठीतली ज्वारी मोड येऊन फुगली होती. घरधनीण म्हातारी होती. "जयभीम आक्का" म्हटल्यावर तिने पाट सरकवला आणि कोरा चहा ठेवला. दूध नव्हते, म्हणून तिलाच अवघडल्यासारखे झाले.

"पंचनामा झाला का?" मी विचारले.

"आले होते दोघं. वहीत लिवलं आन् गेले. दादा, पैसं येतील तवा येतील. पण माझं घर हाय आसं लिवलंय का, तेवढं बघा."

मी बघितले. वहीत 'अतिक्रमण' असा एकच शब्द होता.

इथे नियम समजून घेतला पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणाऱ्या मदतीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे दर असे होते: सपाट भागात घर पूर्ण पडले तर 1,20,000 रुपये. अंशतः पडले, म्हणजे किमान 15 टक्के नुकसान झाले, तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा पाण्यात बुडाले तर कपड्यांसाठी कुटुंबामागे 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. राज्य शासन वेळोवेळी यात आपली भर घालते. पण घराच्या मदतीला एक अट आहे, बांधकाम अधिकृत असले पाहिजे आणि तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे.

गायरानात, ओढ्याकाठी, तीन पिढ्या राहणाऱ्याने हा दाखला कुठून आणायचा? आक्काकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या, विजेचे बिल होते, मतदार यादीत नाव होते. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, पण घरपट्टी भरली म्हणून घर अधिकृत होत नाही. कर घेताना घर आहे, मदत देताना घर नाही!

जुना हिशेब

हा प्रश्न आजचा नाही. ज्या कालव्याचे पाणी त्या घरांत शिरले तो कालवाच मुळी दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. 1876-77 च्या दुष्काळात उपाशी माणसांनी तो खणायला घेतला आणि 1885 मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी घटवली, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसाला किती दिले म्हणजे पुरे, हा वाद इथे दीडशे वर्षांचा आहे.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात घरे देताना जमीन मोजली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 450, मोठ्या जमीनदाराला 750. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत सारखे केले होते. कागदाने पुन्हा पायऱ्या लावल्या.

2019 साली कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा शासनाने ग्रामीण कुटुंबाला 10,000 आणि शहरी कुटुंबाला 15,000 रुपये जाहीर केले. त्यातले 5,000 रोख हातात दिले, बाकीचे बँकेत. रोख का? बँकाच पाण्यात, पासबुके वाहून गेलेली. दोन दिवस घर पाण्यात असले तरच फुकट धान्य, अशी अटही तेव्हा निघाली होती आणि तिच्यावर लोक संतापले. त्याच वर्षी सप्टेंबरात नाझरे धरणातून 85 हजार क्युसेक पाणी सुटून कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत हजारो लोकांना घरे सोडावी लागली. आपल्याकडचा पूर असा असतो. रात्री येतो आणि सकाळी ओसरतो. दोन दिवस थांबत नाही, पण कोठीतली ज्वारी दोन तासांत जाते.

इंदापूरच्या बाजूला

संध्याकाळी इंदापूरला पोचलो. पलीकडे उजनीचा जलाशय. 1980 मध्ये धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि माणसे होड्यांतून बघायला जातात. देवळाचे फोटो छापून येतात. त्या गावांत ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्यांच्या घरांची जागा कुणी दाखवत नाही. आपत्ती निसर्गाची असो की विकासाची, सातबारा नसलेला माणूस दोन्हीकडे यादीबाहेर राहतो.

त्या वस्तीत आम्ही रात्री दिव्याखाली अर्ज लिहिले. मुद्दा एकच मांडला. नियमात झोपडी या सदराची व्याख्या आहे: कच्च्या घराहून हलके, गवत, माती, प्लॅस्टिकचे तात्पुरते घर. ज्यांचे घर त्या व्याख्येत बसते त्यांची नोंद 'अतिक्रमण' अशी न करता 'झोपडी' अशी करावी. सोबत फोटो, घरपट्टीची पावती, वीजबिल, शेजाऱ्यांच्या सह्या, अंगठे. पुढच्या आठवड्यात अर्ज देऊन पोच घेतली. त्यातल्या काहींची नावे पुढे यादीत आली, काहींची राहिली. आक्काचे घर विटामातीचे, ते झोपडीत बसेना. तिचा अर्ज कच्च्या घराच्या अंशतः पडझडीचा आहे. रक्कम 4,000. त्यात मागची भिंतसुद्धा उभी राहत नाही. तरी आम्ही तो सोडलेला नाही.

वाचकहो, पाऊस आता कॅलेंडर पाहून येत नाही. म्हणून वस्तीवस्तीतल्या तरुणांनी पुढील कामे करावीत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घराचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावा. घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, वीजबिल, रेशनकार्ड आणि पासबुक यांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विहारात किंवा उंचावरच्या घरी ठेवाव्यात. बँक खाते आधारशी जोडलेले व चालू आहे का ते पाहावे, कारण मदत खात्यावर येते आणि बंद खात्यावरून परत जाते. पंचनाम्याला माणसे आली की घरधन्याबरोबर लिहिता-वाचता येणारा एकजण उभा राहावा. काय लिहिले ते वाचून मगच सही करावी. आणि बाईच्या नावाचे घर असेल तर बाईचेच नाव लिहून घ्यावे.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा कालव्यात पाणी संथ होते. आक्काने पिशवीत दोन कणसे घातली होती. मी नको म्हणालो तर म्हणाली, "न्या दादा, हे काय पंचनाम्यात लिवायचं न्हाई."