फोनवर बोलू

'मायकल क्लेटन'मध्ये (२००७) एका माणसाला मारायचं ठरतं, पण त्या संभाषणात 'मारणं' हा शब्दच येत नाही. कॅरन ही शेतीरसायनं बनवणाऱ्या कंपनीची वकील. हे काम टिल्डा स्विंटनने केलंय आणि त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं. भाडोत्री माणसाशी ती अर्धवट वाक्यांत बोलते. शेवटी म्हणते, 'ओके.' तो विचारतो, हे 'समजलं'वालं ओके, की 'करा'वालं?

पहिल्यांदा बघताना मला हसू आलं. सहा वर्षं आयटीत काढल्यावर हा प्रश्न ओळखीचा वाटतो. आमच्या मिटिंगांमध्ये अजून कुणी मेलेलं नाही, इतकंच.

सिनेमा टोनी गिलरॉयने लिहिला आणि दिग्दर्शित केला. 'बोर्न'चा लेखक म्हणून तो आपल्याला माहीत असतो. पाठलाग, मारामाऱ्या वगैरे. मला मात्र 'बोर्न'मध्येही सगळ्यात भीती वाटते ती ऑफिसची. तिथली शर्ट-टायवाली माणसं एखाद्याचा जीव घ्यायचा निर्णय तिकीट बंद करावं तशी घेतात.

त्याचा धाकटा भाऊ डॅन. त्याच्या 'नाइटक्रॉलर'मधला (२०१४) लू ब्लूम लॉस एंजेलिसमध्ये रात्रभर अपघातांचं आणि खुनांचं फुटेज काढून चॅनलला विकतो. बोलतो मात्र ऑनलाइन शिकलेल्या मॅनेजमेंटच्या भाषेत. हाताखालच्या पोराचा जीव धोक्यात घालतानाही त्याच्या तोंडी ध्येय आणि संधी. डॅनचा जुळा भाऊ जॉन एडिटर आहे, आणि हे दोन्ही सिनेमे त्यानेच एडिट केलेत. 'द बोर्न लेगसी'त (२०१२) तिघंही आहेत. सिनेमा यथातथाच, पण नाव चपखल.

हा कान आला कुठून? वडील फ्रँक डी. गिलरॉय नाटककार. 'द सब्जेक्ट वॉज रोझेस'साठी त्यांना १९६५ साली पुलित्झर मिळालं. युद्धावरून परतलेला मुलगा आणि त्याचे आईवडील, ब्राँक्समधलं एक घर, एवढंच नाटक. मुलगा आईसाठी गुलाब आणतो आणि ते वडिलांनी आणले असं भासवतो. तिघं बोलत राहतात, पण ज्याबद्दल बोलायला हवं ते सोडून. पुढे त्यांनी स्टुडिओच्या बाहेर राहून स्वतःचे सिनेमेही केले. लोक म्हणतील, पोरांना धंदा आयता मिळाला. मिळालाही असेल. पण न बोललेलं ऐकू येणं ओळखीवर मिळत नाही. मुलांनी त्या घराच्या जागी कॉर्पोरेट ऑफिस आणलं, आणि नाटकाचा थ्रिलर झाला.

आमच्या घरात सिनेमाशी कुणाचा संबंध नाही. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची एखादी गाडी आली की वरून निरोप यायचा, 'जरा बघून घ्या.' बाबा म्हणायचे, "बघून घ्या म्हणजे काय ते चिठ्ठीवर लिहून द्या, साहेब." चिठ्ठी कधीच आली नाही. अठ्ठावीस वर्षांत बढती एकदा.

माझी टीम कर्जाच्या ॲपवर काम करते. काही लोकांना उशिरा हप्त्याचा दंड दोनदा लागतोय. दोनशे-तीनशे रुपये, पण ज्याचा हप्ताच चुकलाय त्याच्यासाठी ते थोडे नाहीत. सोमवारी कॉलवर मॅनेजर म्हणाला, "या रिलीजमध्ये आहे तसं जाऊ दे, पुढे बघू." मी विचारलं, "म्हणजे माहीत असून सोडायचं?" तो म्हणाला, "अरे, समजून घे ना."

कॉल संपल्यावर मी ईमेल लिहिला: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, दुहेरी दंडाची दुरुस्ती या रिलीजमध्ये करायची नाही, हे बरोबर आहे ना?

तीन मिनिटांत उत्तर आलं. 'फोनवर बोलू.'

मी लिहिलं, 'इथेच बोलू.' आज गुरुवार. अजून काही आलेलं नाही. रिलीज उद्या आहे, आणि त्याच्या मंजुरीचं बटण माझ्याकडे आहे.