दुखतंय कुठं, हे जर्मनमध्ये विचारता येतं का?

भाची वेल्ह्याहून रविवारी भोरला आमच्याकडं आली की स्वयंपाकघरात तिची शाळा भरते. पोरगी नर्स आहे. जर्मनीला जायचं म्हणून पुण्यात क्लास लावलाय. ती पाठ केलेली वाक्यं म्हणते, मी वही धरून बसतो. 'गुटेन टाग' म्हणजे नमस्कार, 'डांके' म्हणजे आभारी आहे. मग स्टेशन कुठंय, याची किंमत किती, वगैरे.

दोन रविवार आईनं गुपचूप ऐकलं. तिसऱ्या रविवारी भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, तू तिथं बाजार करायला चाललीस का? आजाऱ्याला दुखतंय कुठं, हे कसं विचारायचं ते आधी शीक की."

भाचीनं पुस्तक चाळलं. वाक्य बरंच पुढच्या धड्यात सापडलं : 'वो टूट एस वे?'

आई असं का म्हणाली ते मला ठाऊक होतं. वीसेक वर्षांपूर्वी वडील पुण्यात ॲडमिट होते. वॉर्डात केरळची एक सिस्टर होती, नवीनच आलेली. 'दुखतंय का?' एवढं तिला येत होतं. वडील म्हणाले, "कळ मारतीय." तिला 'कळ' कळेना. पण तिनं मान डोलावून वेळ मारून नेली नाही. आईकडून शब्द समजून घेतला आणि खिशातल्या वहीत तिच्या लिपीत लिहून ठेवला. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत केरळच्या पोरींनी असं एकेक शब्द करून मराठी कमावलंय. आता आपली पोरगी तिकडं जाऊन तेच करणार आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांना पाठवायचं ठरलं. तेव्हापासून जर्मनीचं नाव आपल्या वाड्यावस्त्यांवर पोचलंय. त्यापाठोपाठ 'महिन्यात जर्मन शिका'वालेही पोचलेत. मंडळी, महिन्यात येतं ते फिरायला जाण्यापुरतं. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला तिकडं साधारणपणे बी-टू पातळी लागते. त्याच्या आधी ए-वन, ए-टू, बी-वन अशा तीन पायऱ्या. नेटानं शिकलं तरी वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

'मराठी मीडियमच्या पोरांना हे झेपणार का?' असं मला फार जण विचारतात. का नाही झेपणार? तो-ती-ते आपल्याला आहे, त्यांनाही आहे. वडीलधाऱ्याला, अनोळखी माणसाला 'तुम्ही' म्हणायची रीत तिथंही आहे. आपण बावीस म्हणताना आधी दोन, मग वीस म्हणतो; जर्मन माणूसही 'दोन-आणि-वीस' असंच म्हणतो. इंग्रजीवाले इथं अडखळतात, आमची भाची नाही अडखळली.

ती अडखळते चेलाडी फाट्यावर, एसटीची वाट बघताना. दोन तासांच्या क्लाससाठी पोरीचा अख्खा दिवस प्रवासात जातो. भाड्याचे पैसे वेगळे. तिच्याबरोबरच्या दोघींनी याच पायी क्लास सोडला. बुद्धी कमी पडली म्हणून नाही, शेवटची गाडी चुकायला लागली म्हणून. करार मुंबईत होतात, क्लास पुण्यात भरतात, आणि पोरं भोर-वेल्ह्यात राहतात. दोन्ही तालुक्यांच्या गावी कॉलेजच्या किंवा आयटीआयच्या एका खोलीत आठवड्यातनं तीन दिवस वर्ग भरवणं एवढं अवघड आहे का? मतं मागायला येणाऱ्यांना हे जरूर विचारा.

आणि पालकांनो, कुणाला पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा. कोणत्या पातळीपर्यंत शिकवणार? परीक्षा कोण घेणार? न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर पोरांना सही करू देऊ नका.

गेल्या रविवारी आई स्वतःच पेशंट झाली. भाचीनं विचारलं, "वो टूट एस वे?" आई म्हणाली, "गुडघं धरल्यात गं, पार ठणका लागलाय." भाचीला हसू आवरेना, पण उत्तर बरोबर दिलं : "लांगझाम, बिटे." हळू बोला, कृपया.

मी म्हटलं, हे वाक्य सगळ्यात आधी पाठ कर. तिथलं म्हातारं माणूसही पुस्तकातलं जर्मन बोलणार नाही, त्याच्या गावचं बोलेल. तेव्हा न समजता मान डोलवू नकोस. केरळच्या त्या सिस्टरसारखी खिशात वही ठेव.