सिग्मा-आय-जे आणि ताना-बाना

धुळ्यातल्या आमच्या मोहल्ल्यातून जळगावला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आम्ही तिघे. तिघेही उर्दू माध्यमाचे, तिघांच्याही घरी यंत्रमाग. अम्मी कांड्या भरायची, अब्बा मागावर. विद्यापीठ १९९० साली जळगावला आले होते, त्यामुळे पुण्याकडे तोंड करून बसण्याची पाळी आमच्यावर आली नाही. (२०१८ साली त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले.)

एके दिवशी सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली : सिग्मा-आय-जे-कॉमा-जे अधिक बी-आय बरोबर शून्य. ‘हा समतोल,’ म्हणाले आणि पुढे गेले. आम्हाला वाटले, आपले इंग्रजी कच्चे. आमच्यातला सर्वांत हुशार त्या दिवाळीत ट्रंक घेऊन धुळ्याला गेला तो परत आला नाही. मागावर बसला. आम्ही त्याला अडवले नाही, हे अजून सलते. त्या ओळीत इंग्रजी होतेच कुठे?

राहिलो दोघे. ग्रंथालयात तिमोशेंको आणि गुडियर यांचे जाड पुस्तक होते. त्यात एक्स, वाय, झेड असे सगळे लांबलचक मांडलेले. ते शेजारी ठेवून आम्ही फळ्यावरची ओळ उकलत बसलो. एका पदात जे अक्षर दोनदा येते, तिथे १, २, ३ घालून बेरीज करायची. जे एकदाच येते, त्याच्या जागी १, २, ३ घालून वेगवेगळी समीकरणे लिहायची. कॉमा म्हणजे त्या दिशेने विकलन. झाले! एका ओळीतून तीन समीकरणे, प्रत्येकात चार पदे. बेरजेचे चिन्ह गाळण्याची ही रीत आइन्स्टाइनने १९१६ साली रूढ केली. स्ट्रेसची कल्पना मांडणाऱ्या कोशीला १८२२ साली ही सोय नव्हती.

दोनदा येणाऱ्या अक्षराला आम्ही ‘बदली’ म्हणू लागलो. मागावर बदली माणूस आला तरी कापड तेच निघते, तसे जे काढून के लिहिले तरी उत्तर तेच. फक्त त्या पदात तो के आधीच कामावर नसावा. एकच अक्षर तीनदा आले, की हिशेब चुकलाच समजा.

उर्दूच्या सवयीने आमच्यातला एक जण जे आधी वाचायचा, आय नंतर. स्ट्रेसमध्ये चालून गेले, कारण पहिल्या पृष्ठावरचा दुसऱ्या दिशेचा स्ट्रेस आणि दुसऱ्या पृष्ठावरचा पहिल्या दिशेचा, हे सारखेच असतात. नसते, तर आतला बारीक तुकडा आपोआप गरगर फिरू लागला असता. पण यू-आय-कॉमा-जे आले, म्हणजे विस्थापनाचे विकलन, आणि गडी फसला. तिथे सुलटे आणि उलटे सारखे नसते. दोहोंच्या बेरजेचा अर्धा म्हणजे स्ट्रेन, वजाबाकीचा अर्धा म्हणजे नुसते फिरणे.

पुढे हूकचा नियम आला. चार अक्षरे, म्हणजे ८१ स्थिरांक! स्ट्रेस आणि स्ट्रेन दोन्हीकडून सारखे, म्हणून ३६; ऊर्जेच्या हिशेबाने २१. साध्या पोलादाला फक्त २ पुरतात. कापडासारख्या, आडव्या-उभ्या विणीच्या वस्तूला मात्र ९ लागतात.

ईदला धुळ्याला आलो तेव्हा मित्राच्या कारखान्यात लाइट गेलेली. आम्ही कोऱ्या कापडाचा तुकडा घेऊन धाग्याच्या रेषेत ओढला. जेमतेम हलला. तिरपा ओढला, तर चांगला लांबला आणि मधे आखडला. मित्र हसला. ‘धागा नहीं खिंचता रे, चौकोन टेढा होता.’

हेच तर आम्ही सहा महिने वहीत लिहीत होतो. अक्ष ताना-बान्यावर ठेवले तर एक-एक आणि दोन-दोन जवळजवळ शून्य, उरतो तो एक-दोन, चौकोन वाकण्याचा. अक्ष ४५ अंशांनी फिरवले की तोच आकडा एका कर्णावर लांबणे होतो, दुसऱ्यावर आखडणे. कापड तेच, ओढ तीच; फिरवण्याचा गुणक प्रत्येक अक्षराला एकेकदा लावायचा, इतकेच. टेन्सर हा शब्द लॅटिन ताणण्यावरून आला. आपला ‘ताण’ही त्याच मुळाचा.

मित्राने खडू मागितला. बीमवर आम्ही सिग्मा-आय-जे लिहिले, त्याने जे-च्या जागी एक, दोन, तीन घालून खाली मांडले. न चुकता. मग म्हणाला, ‘और ये कॉमा काय कू?’

आम्ही सांगत होतो, तेवढ्यात लाइट आली. माग सुरू झाले आणि कोणाचे कोणाला ऐकू येईना.