मिठाला पाझर

आषाढ लागला की स्वयंपाकघरात सगळ्यांत आधी मिठाला कळतं. बरणीचं झाकण कितीही घट्ट असो, दिवसातून चारदा ते उघडावं लागतंच. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली, की मीठ तिच्यातलं पाणी ओढून घेतं आणि पाझरू लागतं. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञानं १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाबद्दल लिहिलं. ओलाव्यानं केस लांबतो, यावर त्याची सारी मदार. आमच्या आज्यांना केस ताणायची गरज पडली नाही. निदान बरणीतच व्हायचं, आणि तांदळाचे चार दाणे आत टाकले की उपचारही.

मुंबईत जुलैमध्ये ही आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. पापड सादळतात, दार चौकटीत अडकतं, तबला उतरतो. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. पुस्तकं उघडली की मजकुराआधी कुबट वास भेटतो. कपाटामागच्या भिंतीचे पोपडे सुटू लागतात.

कोकणातल्या जुन्या घरांना ओल काही नवी नव्हती. जांभ्याच्या भिंती पाणी पीत, शेणानं सारवलेली जमीन गार पडे. पण चूल दिवसभर धुमसायची. वर वलणीवर कपडे, शेगडीवर उपडी घातलेल्या टोपलीवर बाळाची लंगोटं. तापलेली हवा वाफ घेऊन कौलांच्या फटींतून निघून जायची. घर कधी खडखडीत कोरडं नसे, पण आलेली ओल सतत बाहेरच्या वाटेला लागलेली असे.

आमच्या फ्लॅटला ती वाट नाही. पावसाची झड आत येते म्हणून सरकत्या खिडक्या बंद. आत कुकर शिट्ट्या मारतो, धुतलेले कपडे पंख्याखाली टांगलेले. गॅसच्या शेगडीची ज्योतसुद्धा कोरडी नसते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्तच वाफ तयार होते. म्हणून शेवटी घरात डिह्युमिडिफायर आला. एसी होताच, पण पावसाळ्यात खोली मुळात गार असते. त्याचा कॉम्प्रेसर लवकर थांबतो आणि ओल जागच्या जागी राहते.

गंमत म्हणजे एसीचा जन्मही गारव्यासाठी झालेला नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं त्यावर थंड नळ्यांचा उपाय काढला. आमच्या यंत्रातही तेच चालतं. पंखा हवा आत ओढतो, थंड नळ्यांवर तिच्यातली वाफ थेंब होऊन टाकीत गळते, आणि उरलेली कोरडी हवा गरम नळ्यांवरून परत खोलीत येते. एक लिटर वाफेचं पाणी झालं की सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता मोकळी होते, शिवाय यंत्राची स्वतःची असतेच. त्यामुळे खोली थोडी तापते. चुलीचा हा वारसदार आहे, फक्त त्याला कौलांची फट चालत नाही.

भरलेली टाकी पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, एवढं पाणी हवेत होतं?" प्रश्न रास्त होता. दहा बाय बाराच्या खोलीत, २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना, हवेतलं सगळं पाणी गोळा केलं तरी पाऊण लिटरच्या थोडं पुढे जाईल. टाकीत मात्र दोन-तीन लिटर. उरलेलं येतं गाद्यांतून, उशांतून, पुस्तकांच्या पानांतून, भिंतींच्या पोटातून आणि दाराखालच्या फटीतून. रात्रभर झोपलेलं एक माणूसच श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतं. पावसाला नावं ठेवताना आपला वाटा आपण धरतच नाही.

या यंत्राची अट एकच, दारंखिडक्या बंद हव्यात. खिडकी उघडी ठेवून ते चालवणं म्हणजे अरबी समुद्र आटवायला बसणं. जुनं घर ओलीला बाहेर काढून सुकायचं, आमचं घर तिला बाहेर ठेवून सुकतं. आणि बाहेर ठेवताना निवड करता येत नाही; ओलीबरोबर पावसाचा गारवा आणि मातीचा वासही दाराबाहेर राहतो. आत अतिही करायचं नाही. आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवली तर बुरशीला आवर बसतो, पण फारच उतरवली तर तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा जायची भीती. आम्ही काटा ५५ वर ठेवला आहे.

तो काटाही एकाच खोलीपुरता. पुस्तकं, तानपुरा, शालू आणि जुने फोटो आत, दार लावलेलं. या वस्तूंना पावसाळा सोसत नाही आणि त्यांना दुसरा पर्यायही नाही. बाकीचं घर आम्ही मुद्दाम उघडं ठेवलं आहे. तिथे टॉवेल वाळायला दोन दिवस लागतात, पापड पुन्हा भाजावे लागतात, आणि मिठात तांदूळ घालावेच लागतात. एवढी ओल माणसांना परवडते.