अर्धा पत्रव्यवहार

धर्मग्रामाच्या कार्यालयात माझ्या खुर्चीमागे एक जुने सागवानी कपाट आहे. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या त्यात ठेवलेल्या आहेत. धर्मसंहितेचे ५३५ वे कलम या वह्या काळजीपूर्वक सांभाळण्याचा भार प्रत्येक धर्मगुरूवर टाकते आणि मी तो आनंदाने वाहतो. पाऊस सरला की त्या वह्या मी स्वतः बाहेर काढतो, पान न् पान मोकळे करतो, कसर लागली आहे का ते पाहतो. कोणी पासपोर्टसाठी येतो, कोणी वारसाच्या दाव्यासाठी. एखादे म्हातारबाबा नुसते पणजोबांचे नाव पाहायला येतात आणि त्या फिकट शाईवरून बोट फिरवून परत जातात. या कपाटाचा मला अभिमान आहे. म्हणूनच पुढची हकिकत लिहिणे मला जड जाते.

गोष्ट २००१ सालची. वसई धर्मप्रांताची स्थापना होऊन तीन वर्षे झाली होती आणि मी नुकताच दीक्षित झालेला, एका चर्चमध्ये सहायक धर्मगुरू होतो. गावातील एक अविवाहित गृहस्थ दीर्घ आजाराने वारले. मुंबईत एका छापखान्यात ते नोकरीला होते. अबोल, नेमस्त माणूस. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर त्यांच्या आईने मला घरी बोलावले. ओटीवर पत्र्याची एक पेटी होती. आत सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे, काही छायाचित्रे, दोन रोजनिश्या आणि खाकी कागदात गुंडाळलेले ‘बॉम्बे दोस्त’चे काही अंक. समलिंगी व्यक्तींसाठी अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत सुरू केलेले हे नियतकालिक मी तोवर पाहिले नव्हते. पत्रे एकाच हाताची होती. दोन ओळी वाचल्या आणि मी गठ्ठा मिटला.

“फादर, ह्याचं काय करू?” मावशींनी विचारले.

“मावशी, मुलाच्या नावाला बट्टा लागू नये असं वाटत असेल तर जाळून टाका. देवाजवळ सगळं पोचलेलंच आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मागील दारी बंबात ते सारे घातले. मी तिथेच उभा होतो. छायाचित्रे जळताना एक उग्र वास येतो, तो मला अजून आठवतो.

माझ्या बाजूने सांगण्यासारखे अगदीच काही नव्हते असे नाही. त्या काळी भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम जसेच्या तसे लागू होते. ते ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रौढांच्या संमतीपुरते निष्प्रभ झाले. पत्र लिहिणारा माणूस जिवंत होता आणि असे कागद त्याच्या गळ्याला फास ठरू शकले असते. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मला त्याची आठवणही झाली नाही. मला फक्त गावाची आठवण झाली. शिवाय सेमिनरीत शिकलेले एक कलम कुठेतरी मनात असावे. नैतिक अपराधांच्या खटल्यांतील आरोपी मरण पावल्यावर, अथवा निकालाला दहा वर्षे लोटल्यावर, बिशपांच्या गुप्त दप्तरातील ती कागदपत्रे नष्ट करावीत आणि केवळ थोडक्यात गोषवारा व निकालपत्र ठेवावे, असे ४८९ वे कलम सांगते. त्यामागे दयाबुद्धी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु त्या पेटीत अपराध नव्हता, खटला नव्हता. आणि मी गोषवाराही ठेवला नाही.

पुढे काही वर्षांनी पोर्तुगालच्या इतिहासाविषयी वाचताना एक प्रकरण माझ्यासमोर आले. आपली वसई १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, त्यामुळे त्या देशाच्या दप्तरखान्यांविषयी मला पूर्वीपासून कुतूहल. अल्गार्व प्रांतातील सिल्व्हिश येथील कॅथीड्रलमध्ये फ्रान्सिस्कु कोर्रैया नेट्टू नावाचा सॅक्रिस्टन होता. त्याने मानुएल व्हिएगश नावाच्या एका वादकाला प्रेमपत्रे लिहिली. ती तेथील व्हिकारच्या हाती पडली आणि १६६४ साली त्याने ती धर्मन्यायसभेकडे धाडून दिली. पाच पत्रे आहेत. ब्राझीलचे अभ्यासक लुईस मॉत यांनी ती लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यातून उजेडात आणली. एका गरीब सेवकाचे रुसवे, विनवण्या आणि मत्सर तीनशे साठ वर्षांनंतर आज वाचता येतात, ते एका धर्मगुरूने चुगली केली म्हणून! ज्यांनी शिक्षा करायची त्यांनी ती जपली. आमच्याकडे गोव्यात धर्मन्यायसभा १८१२ साली बंद झाली आणि तिची बहुतेक कागदपत्रे जाळली गेली. तिथे तेवढेही उरले नाही. सिल्व्हिशचा व्हिकार आणि मी या दोघांत अधिक वाईट कोण, असा प्रश्न मला त्या रात्री पडला होता. त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामात दोन महिने बदली धर्मगुरू म्हणून सेवा करण्याचा योग आला. सुटीच्या एका दिवशी मी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत गेलो. समलिंगी लोकांची वस्ती म्हणून ती जगभर ठाऊक आहे. तिथे ‘मोस्ट होली रिडीमर’ नावाचे कॅथलिक चर्च आहे. एड्सच्या साथीत त्या वस्तीतील तरुण माणसे एकामागून एक मरत असताना या धर्मग्रामाने मदतगट उभा केला. रिकाम्या पडलेल्या कॉन्व्हेंटमध्ये १९८७ साली मरणासन्न रुग्णांसाठी आश्रयगृह सुरू झाले. त्या बाकांवर मी बराच वेळ बसलो.

तेथून चालत जाण्याजोग्या अंतरावर एक छोटे संग्रहालय आहे. २०११ साली ते उघडले. त्याच्यामागील संस्था मात्र १९८५ ची. विली वॉकर नावाचा एक परिचारक तिच्या संस्थापकांपैकी. एड्सच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याने पाहिले की माणूस मरतो, घरमालक खोली रिकामी करतो आणि आयुष्यभराचे कागद रस्त्यावरील कचऱ्यात जातात. नातेवाईक येतात ते लाज गुंडाळून न्यायला. तेव्हा त्याने व त्याच्या सोबत्यांनी ते गोळा करायला आरंभ केला. सुरुवातीचा संग्रह त्याच्या राहत्या घरातच होता. पत्रे, अल्बम, बैठकांची टिपणे, नाचगाण्याची हस्तपत्रके. ज्याला इतिहास म्हणायला प्राध्यापक कचरले असते, असे सारे. ‘बे एरिया रिपोर्टर’ या तेथील साप्ताहिकात मृत्युवार्तांची पानेच्या पाने येत. १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात एकही मृत्युवार्ता आली नव्हती, म्हणून तीच पहिल्या पानावरची मोठी बातमी झाली. स्वयंसेवकांनी पुढे त्या हजारो मृत्युवार्तांची सूची तयार केली. आपल्या मृत्यूच्या नोंदवहीचेच काम ते, पण आमच्यासारख्या पगारी माणसाने न केलेले.

त्या संस्थेकडे एक सूटही आहे. हार्वी मिल्क या नगरसेवकाची २७ नोव्हेंबर १९७८ रोजी हत्या झाली, तेव्हा त्याच्या अंगावर तो होता. मिल्कचे सामान त्याचा जोडीदार स्कॉट स्मिथ याने जपले होते. १९९५ साली स्मिथही गेला, तेव्हा ते सारे त्याच्या आईच्या हाती आले आणि तिने ते संग्रहांना देऊन टाकले. कागदपत्रे शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली. हे ऐकले तेव्हा मला आमच्या मावशींची ओटी आठवली. त्या बाईला सल्ला देणारा कोणी धर्मगुरू भेटला नसावा.

गेल्या वर्षी, उपवासकाळात, साठीच्या घरातील एक गृहस्थ कार्यालयात आले. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांचे हस्ताक्षर मात्र मी पाहिलेले होते. खांद्यावरची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. तिच्यात दुसऱ्या बाजूची पत्रे होती, म्हणजे छापखान्यातील आमच्या गृहस्थांनी त्यांना लिहिलेली. एकशे बारा. मावशी २०२२ साली वारल्या. त्यापूर्वी दोघांची एकदा भेट झाली होती.

“त्यांनी सांगितलं, माझी पत्रं तुमच्या सल्ल्यानं जाळली,” ते म्हणाले. “मी भांडायला आलो नाही, फादर. एखादं तरी उरलंय का, एवढंच विचारायला आलो.”

एकही उरले नव्हते. ते मी सांगितले आणि क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. चहा मागवला, तोही तसाच निवला.

(ही माहिती मला प्रायश्चित्त संस्कारात मिळालेली नाही, हे वाचकांना सांगणे अवश्य आहे. त्या गृहस्थांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

त्या पिशवीचे काय करावे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. पुतणे भले आहेत, पण फ्लॅट लहान. मी बंगळुरूच्या संग्रहाचे नाव काढले. चित्रपटकर्त्या टी. जयश्री यांच्याजवळ जमलेल्या चित्रफितींपासून २०१७ साली सुरू झालेला, ‘कमरा’ या लघुनामाने ओळखला जाणारा हा संग्रह आता तेथील राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. पत्रांत नावे असलेली माणसे हयात आहेत, त्यांचे काय, असे त्यांनी लगेच विचारले. शंका रास्त होती. दान देतानाच लेखी अट घालता येते की अमुक वर्षांपर्यंत गठ्ठा उघडू नये, अथवा नावे झाकूनच दाखवावा. आपल्या चर्चची दप्तरेही मुदत ठरवूनच उघडतात. वसईच्या हवेत छायाचित्रे अल्बमच्या प्लास्टिकला चिकटतात, ती आधी सोडवावीत. टाचण्या गंजतात, त्या काढाव्यात. पाठीमागे नावे लिहायची ती शिसपेन्सिलीने, बॉलपेनाने नव्हे. नोंदवह्यांवर शिकलेली ही विद्या अशी उपयोगी पडली.

काहींना हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. विवाहसंस्काराविषयीची चर्चची शिकवण मी दर रविवारी शिकवतो आणि तिच्यात मी काही बदल सुचवत नाही. पण १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने या व्यक्तींशी आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागावे असे सांगितले, तेही शिकवणच आहे. आणि ज्याची आठवण पुसून टाकली त्याचा आदर कसा करायचा, हे मला कोणी सेमिनरीत शिकवले नाही. आपल्याच धर्मग्रामांत अशा पेट्या माळ्यावर असतील. मिशनरी फादरांची पत्रे आपण काचेत ठेवतो, ती योग्यच. अविवाहित काकांची पेटी मात्र घर रंगवायला काढले की भंगारवाल्याकडे जाते.

त्यानंतर ते तीन वेळा आले. पिशवीत वीस-बावीस छायाचित्रे होती, ती टेबलावर पसरून आम्ही मागे नावे लिहीत होतो. एका छायाचित्रात चर्चच्या सणाची मिरवणूक आहे, बाजूला चारजण उभे आहेत. तिघांची नावे लागली. चौथा कोण ते त्यांना आठवेना, मलाही ओळखता येईना. “वर्ष लिहून ठेवू,” ते म्हणाले. पण वर्षही नक्की नव्हते. तेव्हा मी उठून मृत्यूची नोंदवही काढली, त्या साली कोणते धर्मगुरू होते ते सह्यांवरून शोधले, मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या फादरांशी ताडून पाहिले. १९९३ किंवा १९९४. तसेच लिहिले. चौथ्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. कोणा जुन्या माणसाला दाखवायचे आहे.