रस्त्यावरील जाहिराती

वर्तमानपत्रांतील जाहिरात नको असल्यास पान उलटतां येतें. रस्त्यावरील जाहिरातीस उलटावयाचें पानच नाहीं. ती न बोलावितां डोळ्यांपुढें उभी राहते, आणि ज्यास अक्षरओळख आहे त्यास ती वाचल्यावांचून गत्यंतर नसतें. मलकापुराहून नांदुऱ्यावरून खामगांवास जातांना आम्हीं अशा जाहिराती पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचे प्रकार ओळखतां आले, तर त्यांचें म्हणणें कितपत मानावें हेंहि समजतें, असा आमचा अनुभव आहे.

सर्वांत जुना प्रकार कानांचा, म्हणजे दवंडीचा. डफ वाजवीत गांवभर वार्ता देणाऱ्याची जागा आतां रिक्षावरील भोंग्यानें घेतली आहे. दुसरा प्रकार दुकानावरील पाटीचा. आमच्या मतें हा सर्वांत प्रामाणिक होय. कारण पाटीखालींच दुकानदार बसलेला असतो, आणि पाटीवरील शब्दाचा जाब त्यास तेथेंच विचारतां येतो.

तिसरा प्रकार भिंतीचा. सडकेकडेच्या घरांवर व गोठ्यांवर बियाणें, खतें, सिमेंट यांचीं नांवें रंगविलेलीं असतात. मजकूर चार-पांच शब्दांचा, अक्षर ठसठशीत, रंग भडक. कारण वाचणारा धांवत्या गाडींत असतो. धांवणाऱ्यासहि वाचतां यावें असें लिहावें, हा नियम नवा नव्हे. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाचे वाचक तो जाणतातच.

चौथा प्रकार फिरता. भिंत जागीं राहते व वाचक पुढें जातो; एस. टी.च्या पाठीवरील जाहिरात मात्र स्वतःच गांवोगांव जाते. मोठा फलक उभारणें कोणास परवडणार नाहीं, अशा खेड्यांतहि ती पोंचते.

पांचवा प्रकार फ्लेक्सचा. शेगांवचा प्रकटदिन असो कीं सिंदखेडराजा येथील १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव असो, रस्ते स्वागतफलकांनीं भरून जातात. पूर्वीं असा फलक रंगाऱ्यास हातानें लिहावा लागे. आतां यंत्र तो कांहीं मिनिटांत छापतें, आणि रंगाऱ्याचा कुंचला बाजूस पडला आहे. फ्लेक्स दिसतो कापडासारखा, पण आहे प्लास्टिकचा. तो कुजत नाहीं, व जाळल्यास विषारी धूर सोडतो. शेतकरी तो कडब्याच्या गंजीवर घालतात, हा त्यांतल्या त्यांत सदुपयोग.

सहावा प्रकार लोखंडी सांगाड्यावरील महाफलकाचा. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें वादळांत असा एक फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें मृत्यु पावलीं. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट लांबी-रुंदीची असतां तो सुमारें १२० फूट लांब व तितकाच उंच होता. तात्पर्य, जो फलक आपण वाचलाहि नाहीं, तोहि आपला घात करूं शकतो. म्हणूनच फलक काय सांगतो याबरोबर तो कोठें व कोणाच्या परवानगीनें उभा आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. परवानगीवांचून भिंती व सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रांत १९९५ सालींच झालेला आहे.

आमच्या जिल्ह्यांत या विचाराची खरी गरज मृगापूर्वीं भासते. शेतकरी कापूस-सोयाबीनचें बियाणें घ्यावयास निघतो, तेव्हां भिंतीवरचें बोंड त्याच्या डोळ्यांत भरलेलें असतें. भिंतीवरचें बोंड नेहमींच टपोरें. शेतांतलें बोंड मात्र पाऊस, जमीन व बियाण्याचा गुण यांवर अवलंबून असतें. उगवणशक्ति किती व मुदत कोणती, हें बियाण्याच्या पिशवीवर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. भिंत पावती देत नाहीं. पावती दुकानांतूनच मागून घ्यावी लागते. ज्या घरीं आईबापांस वाचतां येत नाहीं, तेथें तें बारीक अक्षर वाचण्याचें काम शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींचें आहे. त्या घराचें वर्षभराचें अन्न त्यावर अवलंबून असतें.

जाहिरात ही मुळांत वाईट नव्हे. चांगला माल गिऱ्हाइकास कळलाच पाहिजे. विद्यार्थिमित्रांनो, प्रत्येक फलकास मनांत तीन प्रश्न विचारावेत: हा कोणीं लावला? कोणाच्या जागेवर लावला? आणि यांतील शब्द खोटा ठरल्यास जाब कोणास विचारावयाचा? ज्यास तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, त्यानें खिशांतील हात बाहेर काढण्याची घाई करूं नये.