हात जाईल एवढी जागा

कॅबिनेटचं डावं पॅनेल काढलं की मी आधी आत हात घालतो. काही काढायचं नसतं, फक्त अंदाज घ्यायचा असतो. रॅमच्या खिट्टीपर्यंत बोट पोचतं का, एसएमपीएसच्या वायरी मनगटाला अडतात का, हार्ड डिस्कची केबल ओढताना पंख्याला घासेल का. 1997 साली तपकीर गल्लीतल्या एका दुकानात हाताखाली लागलो, तेव्हापासूनची ही सवय. आमचे मालक फार बोलायचे नाहीत. स्क्रू आवळण्याआधी उलटा फिरवायचा, आटे जुळल्याचा बारीक ‘टक’ बोटाला कळला की मग सुलटा, हे त्यांनी एकदाच दाखवलं. आणि एक सांगितलं, की आज तू जोडतोयस ते उद्या दुसरा कुणीतरी उघडणार आहे, हे धरून जोड.

परवा एक कॉलेजातला मुलगा दुकानात आला. काचेच्या पॅनेलमधून आत बघून म्हणाला, “काका, एवढा मोठा डबा कशाला? अर्धा तर रिकामाच आहे.” त्याच्या मोबाइलवर तळहाताएवढ्या एका पीसीचा फोटो होता. तिघांत मिळून घेतलेली खोली, एकच टेबल, त्यावरच जेवण आणि अभ्यास. त्याचं चुकत नव्हतं. पण तो ज्याला रिकामं म्हणत होता, त्यावरच माझा धंदा उभा आहे, आणि धंद्यापलीकडेही त्या जागेवर माझा जीव आहे.

इंटेलनं 1995 मध्ये एटीएक्सची मापं ठरवून दिली. पूर्ण बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, मागच्या पोर्टांची चौकट एवढी. पुढे 1997 मध्ये आखूड मायक्रो-एटीएक्स आला, 2001 मध्ये व्हीआयएनं 170 मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स आणला, पण भोकं जुन्या नकाशाशी जुळतील अशीच ठेवली. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड पितळी स्टँडऑफवर अगदी बरोबर टेकतो. बोर्ड बनवणारे एका देशात, पत्रा कापणारे दुसऱ्या देशात, मधल्या काळात कितीतरी कंपन्या बुडाल्या, तरी भोकं जुळतात. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

नारायण पेठेत एक ताई डीटीपीचं काम करतात. पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. त्यांचं कॅबिनेट 2001 चं, मळक्या दुधी रंगाचं, पत्रा इतका जाड की उचलताना कंबर सांभाळावी लागते. पेंटियम थ्री आणि 128 एमबी रॅम घालून मीच ते पहिल्यांदा जोडलं होतं. 2008 मध्ये त्यातच कोअर टू ड्युओ बसवला, एसएमपीएसही तेव्हाच नवा घातला. 2014 मध्ये चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आला आणि अडचण उभी राहिली. त्यांच्या जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागायचं, आणि नव्या बोर्डाला मागे ते पोर्टच नव्हतं. त्या लॉकशिवाय अडीचशे-तीनशे पुस्तकांच्या फाइली उघडल्या नसत्या. बोर्डावर स्लॉट रिकामा होता, कॅबिनेटच्या मागे त्याच्यासमोरची पट्टी अजून शाबूत होती. पट्टी काढली, पॅरलल पोर्टचं कार्ड खोचलं, लॉक लावलं. पहिलं पान स्क्रीनवर उमटेपर्यंत ताई खुर्चीत बसल्या नाहीत. 2022 मध्ये बाराव्या पिढीचा आय-थ्री घातला, तेव्हाही कार्ड तेच राहिलं.

दर दसऱ्याला ताई या मशीनची पूजा करतात. कॅबिनेटच्या दर्शनी भागावर कुंकवाचे डाग एकावर एक चढत गेलेत, आता ते पुसूनही जात नाहीत. दुकानात दहा डबे ओळीनं असले तरी हा मला दुरूनही ओळखू येतो. आतला एकही भाग पहिला राहिलेला नाही. ताई मात्र त्याला ‘आपलं जुनं मशीन’ म्हणतात, आणि मलाही ते तसंच वाटतं.

आता दुसरं टोक. वास्तुरचना शिकणाऱ्या एका मुलीनं स्क्रीनच्या मागेच सगळं सामावलेला, बोटभर जाडीचा एक सुबक पीसी आणला. दिसायला खरंच देखणा. दोन वर्षांत तिचं काम वाढलं, आठ जीबी रॅम पुरेना. स्क्रीनची काच डिंकपट्टीनं चिकटवलेली. हीटगननं कडा ऊन करायच्या, प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत न्यायची, श्वास रोखून. काच उचलली की खाली कागदासारखी रिबन केबल, तिच्या कनेक्टरची झापड नखापेक्षा लहान. ती उघडताना जरा जोर झाला तर गेली. मी आतपर्यंत पोचलो आणि रॅमच्या चिपा बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या दिसल्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं पूर्ण बोर्ड बदलायला सांगितला, आणि त्याची किंमत नव्या मशीनच्या जवळ जात होती. “मग हे फेकून द्यायचं का?” असं ती म्हणाली, तेव्हा तिच्या वडिलांनी मान खाली घातली. त्या मशीनचे हप्ते नुकतेच फिटले होते. त्या दिवशी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

सडपातळ डब्याची खरी परीक्षा उष्णता घेते. तेवढीच हवा लहान पंख्यानं ढकलायची तर त्याला फार जोरात फिरावं लागतं, आणि तो किरकिरतो. 120 मिलिमीटरचा पंखा तेच काम संथपणे करतो. त्यात आपली धूळ. शेजारी बांधकाम सुरू असेल तर चार महिन्यांत हीटसिंकच्या पात्यांवर नमदा बसतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये ब्लोअर मारताना मी पंखा बोटानं धरून ठेवतो, नाहीतर तो वाऱ्यानं भलत्या वेगात फिरून खराब होतो. पण त्यासाठी बोट आत जायला हवं.

ॲपलनं ही दोन्ही टोकं पाहिली आहेत. 1999 मधल्या निळ्या-पांढऱ्या पॉवर मॅकची कडी ओढली की बाजूचं दार बोर्डासकट आडवं व्हायचं. एका जाहिरात कंपनीत ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी ते दोनदा लावून परत उघडलं होतं, नुसतं बघायला. पुढच्याच वर्षी क्यूब आला, बिनपंख्याचा, पारदर्शक कवचातला. तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोचला, पण 2001 च्या जुलैमध्ये त्याचं उत्पादन थांबलं. 2013 चा काळा दंडगोल मॅक प्रो तर एकाच पंख्यावर होता. मधल्या तिकोनी हीटसिंकला तीन बाजूंनी प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डं टेकवलेली. पुढे जमाना एकाच मोठ्या, तापट ग्राफिक्स कार्डाचा आला आणि ते त्या रचनेत बसेना. उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात अडकवलं, अशी कबुली कंपनीच्या वरिष्ठांनी 2017 मध्ये दिली. 2019 मध्ये पुन्हा टॉवर आला, आठ स्लॉट आणि रॅमच्या बारा खाचा असलेला. 2023 मध्ये बाहेरून तोच टॉवर राहिला, रॅमच्या खाचा मात्र गेल्या. म्हणजे आता डबा मोठा असूनही भागत नाही.

खाचा काढण्यामागे कारण आहे, हे मी नाकारत नाही. रॅम प्रोसेसरला खेटून बसवली की वाट आखूड होते, वेग वाढतो, वीज कमी लागते. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप काढून नाव मिळवलेल्या फ्रेमवर्कलाही 2025 च्या डेस्कटॉपमध्ये रॅम पक्की बसवावी लागली. ज्याला तो वेग खरोखर लागतो त्यानं अवश्य घ्यावा. पण हिशेब लिहिणाऱ्या, पत्रिका जुळवणाऱ्या, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या माणसाच्या माथी पक्की बसवलेली आठ जीबी रॅम मारणं मला अन्याय वाटतो. त्याची गरज तीन वर्षांनी काय असेल हे त्याला आज माहीत नसतं, आणि ते माहीत नसण्याचा दंड त्यानं भरू नये.

त्या कॉलेजातल्या मुलाला मी मायक्रो-एटीएक्सचा लहान डबा दिला, टेबलाखाली मावणारा. रॅमच्या दोन खाचा, एक भरलेली, एक मोकळी. त्यानं आत हात घालून बघितला. मनगटाला थोडं घासलं, पण बोट खिट्टीपर्यंत पोचलं.

गेल्या महिन्यात ताईंचं मशीन आलं. मागचा 80 मिलिमीटरचा पंखा वाजत होता. चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम. पॅनेलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे, केव्हा काय बदललं त्याची नोंद. पहिली ओळ मालकांच्या अक्षरात, शाई तपकिरी झालेली, बाकीच्या माझ्या. तारीख घातली, ‘मागचा पंखा नवा’ असं लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पॅनेल उभं करून ठेवलं.